आधी मोजा, मग बोला



आज आपण दुकानातला माल मोजण्याचा धडा वाचणार आहोत. तुमच्यापैकी काहींचे छोटे किराणा दुकान असेल. काही बायाबापड्या बचत गटाचे दुकान चालवीत असतील. काही जण सोसायटीचे सभासद असतील. ज्याचे दुकान नाही, तोही कुठल्या तरी दुकानात माल घेतोच. तेव्हा हा धडा सर्वांच्या कामाचा आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. ही गोष्ट माझ्या चुकीची आहे.

तेलाचे डबे

१९९६ सालची गोष्ट. मी एका गावी शाळेत मास्तर होतो. त्या गावच्या सोसायटीचे एक किराणा दुकान होते. दुकानात विक्रीला एक तरुण मुलगा होता. महिना ४०० रुपये पगार. घरी म्हातारी आई. मुलगा मनमिळाऊ होता. गिऱ्हाइकाशी कधी वाकडे बोलत नसे.

वर्ष संपले. माल मोजायचा होता. कमिटीने मला बोलावले. "मास्तर, तुमचं गणित चांगलं. तुम्ही मोजा," असे म्हणाले. मी दोन दिवस बसलो. पोती मोजली, डबे मोजले, वही पाहिली.

तेलात तूट निघाली. वहीप्रमाणे जेवढे तेल हवे होते, त्याहून १० किलो ८०० ग्रॅम कमी भरले. त्या वेळच्या ४० रुपये भावाने ४३२ रुपये झाले. मुलाच्या महिन्याच्या पगाराहून जास्त.

कमिटीतला एक जण म्हणाला, "पोरानं हात मारला." दुसरा म्हणाला, "तेल काय उडून जातं?" मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, आईची शपथ. मी एक पळीसुद्धा घरी नेली नाही."

मी काय केले? मी मान खाली घातली. आकडा माझाच होता. माझ्या आकड्यावर माझा विश्वास होता. मी एवढेच म्हणालो, "वहीत तूट आहे खरी." त्या एका वाक्याने मुलाची नोकरी गेली. पगारातून पैसे कापले. गावात त्याचे नाव झाले ते झालेच.

नवा माणूस नेमला. तो पन्नाशीचा, गावात वजनदार. त्याला कोणी चोर म्हणाले नसते. तीन महिन्यांनी पुन्हा तेल मोजले. पुन्हा तूट! ती तूटही डब्यांच्या हिशेबाने बरोबर पहिल्याइतकीच. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. माणूस बदलला, पण तूट बदलली नाही. मग दोष माणसात कसा?

मी एक भरलेला, सीलबंद डबा काट्यावर ठेवला. मग तसलाच रिकामा डबा ठेवला. भरलेल्याच्या वजनातून रिकाम्याचे वजन वजा केले. तेल निघाले १३ किलो ६५० ग्रॅम. वहीत मात्र प्रत्येक डब्यापुढे "१५" लिहिलेले!

आता उलगडा झाला. पूर्वी दुकानात १५ किलोचे डबे येत. त्या वर्षी व्यापाऱ्याकडून १५ लिटरचे डबे येऊ लागले. डबा दिसायला जवळजवळ सारखाच. बिलावर "१५ लि." असे लिहिलेले. वही लिहिणाऱ्याने नुसते "१५" उतरून घेतले. आणि विक्री होत होती किलोने. तेल पाण्याहून हलके असते. १ लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटर तेल १३ किलो ६५० ग्रॅमच. दर डब्यामागे १ किलो ३५० ग्रॅमची तूट कागदावरच तयार होत होती. ८ डबे आले होते. आठ वेळा तेवढे करा. १० किलो ८०० ग्रॅम होतात. नेमका तोच आकडा!

तेल कोणी नेलेच नव्हते. ते दुकानात कधी आलेच नव्हते.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो गाव सोडून शहरात कामाला गेला होता. कमिटीने कापलेले पैसे परत दिले. ते मी त्याच्या आईच्या हातात ठेवले. ती म्हणाली, "गुरुजी, पैसे आले. पण चावडीवर गेलेलं नाव कशानं आणायचं?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. तो मुलगा त्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही.

आपल्यात म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे तर चोरच नव्हता. चूक होती मोजण्याच्या रीतीची. वर्षातून एकदाच मोजले, म्हणून चूक वर्षभर लपली. डबा आला त्याच दिवशी तोलला असता, तर पहिल्याच डब्याला चूक सापडली असती.

माल का मोजायचा?

माल मोजण्याचे तीन फायदे आहेत.

पहिला, नफा-तोटा कळतो. गल्ल्यात पैसा दिसतो म्हणजे नफा झाला असे नाही. माल किती उरला हे कळल्याशिवाय नफा कळत नाही.

दुसरा, काय संपले आणि काय पडून राहिले ते कळते. पडून राहिलेला माल म्हणजे फळीवर अडकलेला पैसा.

तिसरा, गळती कळते. गळती म्हणजे दर वेळी चोरी नव्हे. उंदीर खातात. पोते फाटते. हात सैल पडतो. घरातली माणसे चहा-साखर दुकानातून नेतात आणि लिहीत नाहीत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी न मोजणाऱ्या दुकानाची गत होते.

मोजण्याच्या रीती

माल मोजण्याची एकच रीत नाही. आपल्या दुकानाला साजेल ती निवडावी. मुख्य रीती पाच आहेत.

१. वर्षाची मोजणी. वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून सगळा माल मोजतात. सरकारी हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते व ३१ मार्चला संपते. म्हणून पुष्कळ दुकानांत ही मोजणी ३१ मार्चला होते. काही जुने व्यापारी दिवाळीत वहीपूजनाच्या आधीही मोजतात. ही मोजणी सर्वांनीच करावी. वर्षाचा नफा काढायला ती लागतेच. पण नुसत्या तिच्यावर राहू नये. चूक आषाढात झाली, तर ती फाल्गुन-चैत्रात कळते. तोवर कोणाला काही आठवत नाही.

२. फिरती मोजणी. यात दुकान बंद ठेवावे लागत नाही. रोज थोड्या जिनसा मोजायच्या. समजा दुकानात २०० जिनसा आहेत. रोज ८ जिनसा मोजल्या, तर २५ दिवसांत सगळे दुकान मोजून होते. आज डाळी, उद्या साबण, परवा मसाले. अर्ध्या तासाचे काम. चूक महिन्याच्या आत सापडते. ज्या दुकानात वही नीट लिहिली जाते, त्याला ही रीत फार चांगली.

३. रोजची मोजणी. ही सगळ्या मालाची नव्हे. ज्या जिनसा थोड्या पण महाग, किंवा सहज खिशात जाणाऱ्या, त्यांचीच. काजू, वेलदोडे, तूप, बॅटरीचे सेल, मोबाईलची कार्डे. अशा दहा जिनसा निवडाव्यात. रात्री दुकान लावताना मोजाव्यात. वेलदोड्याची एक पुडी गेली, तर ती मिठाच्या कितीतरी पुड्यांना भारी पडते. म्हणून मिठाला आणि वेलदोड्याला एकच रीत नको.

४. साठाबही. प्रत्येक जिनसेला वहीत एक पान द्यायचे. माल आला की आवक लिहायची. गेला की जावक लिहायची. शिल्लक काढायची. हल्ली शहरात आणि काही मोठ्या गावांत यंत्रावर हीच वही असते. मालावरच्या काळ्या रेघा यंत्र वाचते आणि शिल्लक आपोआप वजा करते. पण ध्यानात ठेवा. वही असो की यंत्र असो, ते आपण सांगू तेवढेच जाणते. आपण चुकीचे "१५" लिहिले, तर यंत्रही "१५" च म्हणेल. वहीची शिल्लक आणि फळीवरची शिल्लक अधूनमधून ताडून पाहावीच लागते.

५. किमतीची मोजणी. छोट्या दुकानात शेकडो किरकोळ जिनसा असतात. गोळ्या, बिस्किटे, सुया, काडेपेट्या. एकेकीची जावक कोण लिहील? तिथे मालाची संख्या न पाहता विक्रीची किंमत पाहतात. हा हिशेब उदाहरणाने समजून घेऊ.

महिन्याच्या सुरुवातीला दुकानात विक्रीच्या भावाने ८०,००० रुपयांचा माल होता. महिन्यात ५०,००० रुपयांचा माल आला. हाही विक्रीच्या भावाने. एकूण १,३०,००० झाले. रोख विक्री झाली ४६,०००. उधारी दिली ६,०००. मिळून ५२,०००. ते वजा करा. उरले ७८,०००. एवढ्याचा माल फळीवर हवा. मोजला तर ७७,४०० चा भरला. म्हणजे ६०० रुपयांची तूट. कुठे गेले ते आता शोधायचे. एखादी उधारी लिहायची राहिली का? घरी नेलेला माल लिहिला का? खराब झालेला माल वजा केला का? मध्येच एखाद्या जिनसेचा भाव बदलला का?

या रीतीने तूट किती ते कळते. पण कोणत्या जिनसेत ते कळत नाही. तो तिचा उणेपणा आहे.

आपल्याला कोणती रीत बरी?

रीत निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझ्याकडे जिनसा किती? त्यांत महाग किंवा नासणाऱ्या किती? आणि दुकानात हात किती जणांचे लागतात?

घरच्या घरी एकटा-दुकटा माणूस दुकान चालवीत असेल, तर साठाबहीचा व्याप नको. महिन्याला किमतीची मोजणी करावी. महाग दहा जिनसा रोज मोजाव्यात. वर्षाला सगळे मोजावे. आणि घरात नेलेल्या मालाची एक वेगळी वही ठेवावी. पुष्कळ घरगुती दुकाने बुडतात ती याच भोकातून.

बचत गटाचे दुकान असेल, तर पाळी बदलताना मोजावे. आज एक ताई बसली, उद्या दुसरी बसणार. तेव्हा दोघींनी मिळून गल्ला आणि महाग माल मोजावा. दोघींनी सही करावी. यात अविश्वास नाही. उलट विश्वास टिकावा म्हणूनच हे करायचे. मोजून दिले-घेतले, तर उद्या भांडण नाही.

सोसायटीचे किंवा नोकर असलेले मोठे दुकान असेल, तर साठाबही हवी आणि फिरती मोजणीही हवी. मोजणारा माणूस विक्री करणारा नसावा. पण विक्री करणाऱ्याच्या समोरच मोजावे. त्याच्या माघारी मोजून त्याच्यावर तूट लादू नये.

मोजायचे कसे?

मोजणीच्या दिवशी आवक-जावक थांबवावी. शेवटच्या बिलाचा नंबर लिहून ठेवावा. त्यानंतरचे काही धरू नये. बिल आले पण माल आला नाही, असा माल शिलकेत धरू नये. माल आला पण बिल आले नाही, तो वेगळा लिहून ठेवावा.

मोजायला दोघे बसावेत. एकाने मोजावे व मोठ्याने सांगावे. दुसऱ्याने तोच आकडा परत म्हणून मग लिहावा. मोजलेल्या फळीवर खडूची खूण करावी. म्हणजे एक फळी दोनदा मोजली जात नाही आणि एकही राहत नाही.

वहीतला आकडा मोजणाऱ्याला आधी सांगू नये. "४५ असायला हवेत" असे सांगितले, की डोळ्यांना ४५ च दिसतात. आधी मोजावे. मग वही उघडावी.

आकड्यापुढे नेहमी किलो, लिटर, नग किंवा डझन लिहावे. नुसता आकडा लिहू नये. एका नुसत्या "१५" ने काय केले ते आपण वर वाचलेच. आज खाद्यतेल बंद पिशवीत किंवा डब्यात विकायचे असा नियम आहे. पिशवी नीट पाहा. पुष्कळ पिशव्यांवर १ लिटर आणि ९१० ग्रॅम असे दोन्ही आकडे छापलेले असतात.

पोत्याचे वजन करताना बारदान वजा करावे. रिकामे पोते, रिकामा डबा, रिकामी बरणी आधी तोलून ठेवावी. जे उरते ते निव्वळ वजन.

फुटलेला, भिजलेला, मुदत संपलेला माल वेगळा काढावा. तो शिलकेत धरून मनाचे समाधान करून घेऊ नये. दुसऱ्याच्या मालकीचा माल, जसे विकल्यावर पैसे द्यायचे पाव किंवा परत करायच्या बाटल्यांचे खोके, तोही आपला म्हणून मोजू नये.

शेवटी किंमत लावताना, नफा काढण्यासाठी, खरेदीचा भाव धरावा. बाजारभाव खरेदीहून खाली गेला असेल, तर तो कमी भाव धरावा. न झालेल्या विक्रीचा नफा आजच खिशात घालू नये.

तूट निघाली तर?

आता साखरेचा हिशेब करू. सुरुवातीला साखर होती ६० किलो. आली २०० किलो. झाली २६०. विकली २१५ किलो. उरायला हवी ४५ किलो. मोजली तर साडेत्रेचाळीस किलो. तूट दीड किलो.

आरडाओरडा करण्यापूर्वी विचार करा. २१५ किलो साखर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्यांनी विकली. म्हणजे ४३० पुड्या झाल्या. दर पुडीत साडेतीन ग्रॅम साखर जास्त पडली, तर दीड किलो होते. साडेतीन ग्रॅम म्हणजे चिमूट-दोन चिमूट. हात सैल पडला एवढेच. इथे माणसाला दोष देऊ नये. काटा तपासावा. काटा आणि वजने वैधमापन खात्याकडून मुदतीत तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात. हे जसे गिऱ्हाइकाच्या हिताचे, तसे दुकानदाराच्याही हिताचे आहे.

काही माल आपणहून घटतो. कांदा-बटाटा सुकतो. ओली शेंग वाळते. पावसाळ्यात गूळ पाझरतो. जाडे मीठ पाणी ओढते आणि मग गळते. उलट वाळलेली मिरची दमट हवेत थोडी जडही होते. म्हणून कोणत्या मालात किती घट धरायची, ते आपल्याच वहीवरून दोन-तीन महिन्यांत ठरवावे. तेवढी घट झाली तर काळजी नको. त्याहून फार झाली तर शोध घ्यावा.

शोध असा घ्यावा. आधी पुन्हा मोजा. दुसऱ्याकडून मोजवा. मग बेरीज-वजाबाकी तपासा. मग बिले काढा आणि वहीशी ताडा. किलो-लिटरचा घोळ नाही ना ते पाहा. मग काटा पाहा. मग उंदराचे बीळ पाहा. एवढे सगळे झाल्यावरच माणसाकडे पाहा. आणि माणसाला विचारायचे तेही चारचौघांत नव्हे, बाजूला बसवून.

आणि तूट निघते तशी कधी वाढही निघते. वहीपेक्षा माल जास्त भरतो. तेव्हा खूश होऊ नका. एक तर एखादे बिल लिहायचे राहिले आहे, नाही तर गिऱ्हाइकाला माप कमी गेले आहे. वाढ हीसुद्धा चूकच.

दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. १९५८ पासून किलो-ग्रॅम वापरात येऊ लागले. त्याआधी आपले वाडवडील शेर, पायली, मण अशा मापांनी मोजत. एका गावचा शेर दुसऱ्या गावी निराळा असे. आता माप सगळीकडे एक झाले आहे. पण माप एक असून भागत नाही. मापापुढे नाव लिहायला हवे आणि मोजणाऱ्याचे मन शांत हवे.

तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकला आहात. तुमच्या हातात आता वही आली आहे. वही फार मोठी गोष्ट आहे. ती माणसाला वाचवते, आणि नीट लिहिली नाही तर माणसाला बुडवतेही. मी शिकलेला होतो. गणित येत होते. तरी एक डबा तोलायचा आळस केला आणि एका गरिबाच्या मुलाचे नाव घालवले. तुम्ही तसे करू नका.

लक्षात ठेवा

१. वर्षातून एकदा सगळे मोजा. महाग माल रोज मोजा.
२. माल आला त्याच दिवशी तोलून, मोजून घ्या.
३. आकड्यापुढे किलो, लिटर किंवा नग लिहा.
४. दोघांनी मोजा, दोघांनी सही करा.
५. तूट निघाली तर आधी वही पाहा, मग काटा पाहा, माणूस सर्वांत शेवटी.

अभ्यास

१. १५ लिटर तेलाचे वजन सुमारे किती भरते?
२. तुरीची डाळ ३० किलो होती. ५० किलो आणली. ६२ किलो विकली. फळीवर साडेसतरा किलो भरली. तूट किती?
३. तुमच्या गावच्या दुकानात रोज मोजाव्यात अशा पाच जिनसांची नावे लिहा.
४. मोजणाऱ्याला वहीतला आकडा आधी का सांगू नये?
५. तुम्ही त्या कमिटीत असता, तर त्या दिवशी काय म्हणाला असता? चार ओळी लिहा.